दोन मूत्रपिंडं घेऊन दिल्लीला

दिल्लीला जायला मला घरातल्या सगळ्यांनी अडवलं. आई म्हणाली, "परक्या गावात तुझ्यावर काही भलतंसलतं केलं तर?" भाऊ म्हणाला, "तुला प्रयोगाचा उंदीर व्हायचंय का?" मी त्याला म्हटलं, "उंदराला कुणी विचारत नाही. मला विचारलंय, आणि मी हो म्हटलंय." भावाची मूत्रपिंडं तपासणीत स्वच्छ निघाली आहेत, त्यामुळे त्याला उंदरांची चिंता करायला सवड असते.

माझी तशी निघाली नाहीत. आमच्या वडिलांच्या घराण्यात एक आजार आहे. मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होतात, त्या वर्षानुवर्षं वाढत जातात, आणि मूत्रपिंड फुगून एखाद्या मोठ्या सीताफळासारखं खडबडीत होतं. आई किंवा वडील, एकाला असला की मुलाला तो येतो किंवा येत नाही, नाणं उडवल्यासारखं. बाबा डायलिसिसवर दोन वर्षं काढून गेले. त्यांना काय झालं होतं हे तेव्हा कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, कारण घरात लग्नाची मुलगी होती. ती मुलगी मी. सांगितलं नाही तरी कळायचं ते कळलंच, आणि माझं लग्न झालं नाही ते नाहीच. मी अमरावतीत बायकांसाठी मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं आणि मजेत जगते आहे.

नागपूरच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की दिल्लीच्या एका मोठ्या रुग्णालयात या गाठींची वाढ मंदावते का हे पाहायला एका औषधाची चाचणी सुरू आहे, आणि ते रुग्ण शोधताहेत. मी शिकवण्या पुढे ढकलल्या, संत्र्यांची एक पेटी घेतली आणि निघाले. संत्री आत्यासाठी. मला ती फार खायला मनाई आहे.

मयूर विहार

कुंदाआत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन दिल्लीला आली, केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी केली, काकांच्या मागे मुलीला वाढवलं आणि आता मयूर विहारच्या एका सोसायटीत राहते. मुलगी मृणाल एका कंपनीत कामाला आहे. दोघी मला घ्यायला स्टेशनवर आल्या होत्या. माझी बॅग ऑटोत चढायच्या आत आत्या म्हणाली, "वसू, सोसायटीत कुणी विचारलं तर फिरायला आलीस म्हण हं."

"का?"

"का काय? मृणालचं बोलणं चाललंय एका ठिकाणी."

मृणाल खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हटलं, "आत्या, मी खोटं बोलणार नाही. पण कुणाला बोलावून सांगायलाही जाणार नाही." आत्याला तेवढं पुरलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दिल्लीची वाहतूक पाहून माझ्यातली शिक्षिका कासावीस झाली. इथे ब्रेक दाबणं कमीपणाचं मानतात. लेनच्या रेषा रांगोळीसारख्या आहेत, शोभेला. आमच्या ऑटोवाल्याने उलट्या बाजूने एक वळण घेतलं तेव्हा मी ओरडले, आणि तो आरशात बघून म्हणाला, "मैडम, यहाँ ऐसे ही है." हे वाक्य पुढे मी दिल्लीत खूप ऐकलं, आणि दर वेळी मला त्याचा राग आला.

बाकी मयूर विहार मला आवडलं. हिवाळा सरत आला होता. दुपारी बायका गच्चीवर उन्हात बसून मटार सोलायच्या, किन्नू खायच्या. किन्नू म्हणजे आपल्या संत्र्याची पंजाबी मावसबहीण. रस भरपूर, पण साल सोलताना नखं दुखतात. भाजीवाला दुधीला घिया म्हणतो आणि कोथिंबीर फुकट टाकतो. मृणालचं मराठी ऐकून मला हसू यायचं. "ताई, तू एकटी ट्रेनने आली? सही है यार!" एकदा मी बोलता बोलता आनुवंशिक म्हटलं, तर तिने विचारलं, "आनुवंशिक म्हणजे?"

"घराण्यातून येणारं."

"अच्छा, जेनेटिक." मग आई स्वयंपाकघरात आहे हे बघून तिने विचारलं, "ताई, तुझ्या बाबांना होतं, तर आईला पण असू शकतं ना? मग मला?"

"असू शकतं. नसूही शकतं. तपासलं नाहीस का कधी?"

"आई म्हणते, काही होत नाही तर कशाला बघायचं."

रुग्णालय

रुग्णालयाचं नाव सांगत नाही. ते इतकं मोठं आहे की आत हरवलेल्या नातेवाइकांचा एक वेगळा समाज तिथे तयार झालाय. फाटकाबाहेर लोक सतरंज्या टाकून राहतात, स्टोव्हवर भात शिजवतात. संशोधनाचा विभाग तळघरात होता, शांत आणि थंडगार.

तिथल्या डॉक्टरीणबाई साठीच्या आसपासच्या, आवाज मास्तरणीचा. त्यांनी हिंदीत बजावलं, "पहिली गोष्ट, हे औषध चालतं की नाही, आम्हाला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर चाचणी कशाला केली असती? निम्म्यांना खरी गोळी मिळेल, निम्म्यांना बिनऔषधाची. कुणाला कोणती, ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही."

मी विचारलं, "मला बिनऔषधाची मिळाली, तर मी अमरावतीहून इतक्या खेपा घालून काय मिळवलं?"

"स्वतःसाठी? कदाचित काहीच नाही."

"आणि मध्येच नको वाटलं तर?"

"उठून जायचं. कारणसुद्धा द्यायला नको. आणि तुमचे इथले बाकीचे उपचार थांबणार नाहीत."

असं सरळ बोलणारं माणूस मला या आजाराच्या बाबतीत पहिल्यांदाच भेटलं. बाबांना सगळ्यांनी "होईल बरं" असंच सांगितलं होतं. मी सही केली.

मात्र सही केली म्हणजे चाचणीत शिरले असं नव्हतं. आधी रक्त तपासायचं, मोठ्या यंत्रात घालून मूत्रपिंडाचं माप घ्यायचं, आणि एक पूर्ण दिवस-रात्रीची लघवी साठवून आणून द्यायची. त्यासाठी त्यांनी मला प्लास्टिकचा एक पांढरा कॅन दिला. थंड जागी ठेवायचा, आणि एक थेंबही दुसरीकडे जाऊ द्यायचा नाही.

रांगेत माझ्यामागे बेहेराजी उभे होते. मूळचे ओडिशाचे, फरीदाबादच्या एका कारखान्यात सुपरवायझर. ते चाचणीत आधीपासून होते. माझ्या हातातला कॅन पाहून म्हणाले, "बहनजी, इसको झोले में छुपाइए मत. छुपाएँगी तो गिरेगा." मग घरी जेवायला यायचं आमंत्रण देऊन गेले.

करोल बाग

कॅनचा दिवस आणि मृणालची साडी घेण्याचा दिवस एकच आला. त्याच संध्याकाळी मुलाकडची माणसं घरी यायची होती आणि आत्याला नवीन साडी हवीच होती. "तू घरी थांब," आत्या मला म्हणाली. मी म्हटलं, "मी दिल्लीला घरी बसायला आले नाही." बर्फाच्या पिशव्या भरलेल्या झोल्यात कॅन ठेवला आणि त्यांच्याबरोबर निघाले.

मेट्रोत बॅग यंत्रातून जाते. माझी गेली आणि अडकली. तिथली पोलीस बाई म्हणाली, "इसमें क्या है?"

"पेशाब."

"क्या?"

"मेरा पेशाब है. अस्पताल में जाँच के लिए देना है." मी जरा मोठ्यानेच सांगितलं, कारण तिला ऐकू आलं नव्हतं. मागची रांग दोन पावलं सरकली. आत्या खांबाआड गेली. पोलीस बाईने नाक मुरडलं नाही, झोल्यात डोकावली, झाकण घट्ट आहे का ते बघितलं आणि म्हणाली, "जाइए आंटी, भीड़ में सँभाल के." आंटी म्हटल्याचा राग आला, एवढंच.

करोल बागेत साड्या, सोनं आणि मोटारींचे सुटे भाग एकाच दमात मिळतात. मी एका दुकानात गाडीचे वायपर बघत रमले. नव्हतं ते फक्त बायकांचं स्वच्छतागृह. इतका मोठा बाजार, इतक्या बायका खरेदीला, आणि त्यांनी जायचं कुठे? मी साडीच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "यहाँ तो नहीं है जी." मी म्हटलं, "तुम्ही दिवसभर इथे बसता, तुमची सोय असेलच. ती दाखवा, नाहीतर आम्ही साडी शेजारच्या दुकानातून घेतो." त्याने किल्ली दिली. मृणाल हसून हसून साड्यांच्या ढिगावर पडली. आत्यासुद्धा क्षणभर हसली. मग तिने मोरपंखी रंगाची साडी घेतली, आणि रस्त्यावरची गरम आलू टिक्की त्या दोघींनी खाल्ली; मी मिठाच्या भीतीने नुसता वास घेतला.

ताक

मुलाकडचे म्हणजे मुलगा, त्याची आई आणि वडील. वडील साताऱ्याकडचे, फौजेत सुभेदार होते, आता निवृत्त. पण सगळी उमर कॅन्टोन्मेंटमध्ये गेल्याने दिल्लीतच राहिलेले. मुलगा नोएडाला इंजिनियर. माणसं साधी, मोकळी. पत्रिका जुळली होती, पसंती झाली होती, सुपारी कधी फोडायची एवढंच ठरवायचं होतं.

कॅन फ्रीजच्या खालच्या कप्प्यात होता. आत्याने त्याला पंचा गुंडाळला होता. चहाची वेळ झाली तशा मुलाच्या आई, गावाकडच्या सवयीने, "मी मदत करते" म्हणत सरळ स्वयंपाकघरात आल्या. पाण्याची बाटली घ्यायला त्यांनी फ्रीज उघडला.

"अगंबाई, हे काय, ताक का?"

आत्या घाबरून म्हणाली, "हो, ताकच!"

"मग मला चहा नको बाई. संध्याकाळचा चहा सोसत नाही. ताकच द्या पेलाभर." आणि त्यांनी पंच्याला हातही घातला.

मी मधे पडले. आता गप्प राहणं शक्यच नव्हतं. "काकू, थांबा. ते ताक नाही. माझी लघवी आहे, तपासायला द्यायची."

काकूंचा हात जागच्या जागी राहिला. मग त्या आत्याकडे बघत राहिल्या. फ्रीजचं दार उघडंच होतं.

बाहेर येऊन बसल्यावर सुभेदार काकांनी विचारलं, तसं मी सांगितलं. माझ्याबद्दलच सांगितलं. मूत्रपिंडात गाठी आहेत, औषधाच्या चाचणीसाठी आलेय, चालते-फिरते, गाडी शिकवते. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हे आलं कुठून म्हणायचं?"

"माझ्या वडिलांकडून."

त्यांची नजर हळूहळू आत्याकडे वळली. माझ्या वडिलांची बहीण समोर बसली होती. हिशोब कुणालाही जमण्यासारखा होता. पुढचं सांगायचं की नाही, हे माझ्या हातात नव्हतं.

मृणाल नव्या मोरपंखी साडीत बसली होती. तिने कप खाली ठेवला. "काका, मला पण असू शकतं. मी चेक नाही केलं अजून. पण आता करणार आहे. जे येईल ते तुम्हाला सांगीन."

मुलगा पहिल्यांदाच नीट तिच्याकडे बघत होता. काही बोलणार असं वाटलं, पण आईने पदर सावरला आणि ती मंडळी उठली. दोन दिवसांनी फोन आला की पत्रिका जुळत नाही.

"आधी जुळलेली पत्रिका आता कशी बिघडली?" मी म्हटलं. तो माझा मूर्खपणा. आत्या माझ्यावर तुटून पडली. "तुझं झालं नाही, आता हिचंही मोडलंस! ताक म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"आत्या, त्या प्यायल्या असत्या!"

मृणाल हसायला लागली आणि हसता हसता रडली. "आई, ताईने नाही सांगितलं. मी सांगितलं. ते गेले तर जाऊ दे. लग्नानंतर कळलं असतं तर मी काय बोलली असती?" आत्या आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

फरीदाबाद

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं आणि समोर बसवून सांगितलं. माझी मूत्रपिंडं या चाचणीच्या मर्यादेपलीकडे गेली होती. औषध वेळेत सुरू करून काही उपयोग होतो का, हे त्यांना बघायचं होतं, आणि माझी वेळ निघून गेली होती. "तुम्हाला घेतलं, तर तुम्हालाच अपाय होण्याची भीती आहे. म्हणून घेत नाही."

मी विचारलं, "किती दिवस?"

"दिवस नाही. वर्षं असू शकतात. रक्तदाब सांभाळा, तपासण्या सोडू नका. मूत्रपिंड बदलायची तयारी आत्तापासून करा, डायलिसिसची वाट बघत बसू नका."

मी बाहेर येऊन त्या फाटकाजवळच्या सतरंज्यांमध्ये बसले. शेजारच्या बाईने न विचारता भाताची ताटली पुढे केली. मी खाल्ला. मग मला राग आला, कुणा माणसाचा नाही. गप्प बसण्यात आमच्या घराण्याने जी वर्षं घालवली, त्यांचा. बाबांच्या वेळीच मला तपासलं असतं तर? पण त्या विचाराला मी त्याच सतरंजीवर सोडलं आणि बेहेराजींना फोन केला. मृणालला म्हटलं, चल.

फरीदाबाद म्हणजे कारखान्यांचं गाव. एकाच गल्लीत भोजपुरी, बंगाली, तेलुगू ऐकू येते. बेहेराजींच्या बायकोने दालमा केला होता. डाळीत भोपळा, कच्ची केळी आणि वांगं, वरून खमंग जिऱ्याची पूड. बेहेराजींसाठी मीठ अगदी बेताचं, म्हणून घरात सगळे तसंच खातात. अमरावतीची माझी जीभ पहिल्या घासाला बिचकली, तिसऱ्याला खूश झाली.

मृणालने त्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारले. गोळीने काय होतं? "प्यास लगती है, बहुत," ते म्हणाले. "बार-बार जाना पड़ता है. साहब से लड़ना पड़ा कि काम के बीच में जाऊँगा, रोकना मत. बीमारी हमको है, शर्म भी हम ही करें क्या?" खरी गोळी की खोटी, ते त्यांना माहीत नव्हतं.

त्यांच्या पत्नी भात वाढताना म्हणाल्या, "इन्होंने शादी से पहले नहीं बताया. बाद में पता चला. बीमारी पर गुस्सा नहीं आया मुझे. छुपाने पर आया. वो गुस्सा बहुत साल चला."

परतताना मयूर विहारला उतरल्यावर मृणाल म्हणाली, "ताई, उद्या माझ्याबरोबर येशील? सोनोग्राफीला."

पुन्हा तळघर

मृणालच्या दोन्ही मूत्रपिंडांत गाठी होत्या. पुष्कळ. पण काम मात्र दोन्ही उत्तम करत होती. ज्या चाचणीच्या दारातून मी परत फिरले, तिथे ती अगदी बसत होती.

घरी येऊन तिने आईला सांगितलं. मला वाटलं आत्या कोसळेल. ती बराच वेळ टेबलावरचं एक संत्रं हातात फिरवत बसली. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"मला आहे ते. नोकरीत असताना एकदा पोट दुखलं म्हणून डॉक्टरांनी बघितलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. दादाचे हाल बघितले होते ना मी. वाटलं, नाव घेतलं नाही तर पोरीपर्यंत येणार नाही." मग माझ्याकडे न बघता, "वसू, मी तुला नको ते बोलले."

"बोललीस. मीही तुझ्या पाहुण्यांना ताक पिऊ दिलं नाही." ती हसली नाही, पण संत्रं सोलून तिने एक फोड मला दिली, माझी मनाई विसरून. मी ती खाल्ली.

मृणालने भाग घ्यायचं ठरवलं. सहीच्या दिवशी आम्ही तिघी तळघरात गेलो. टेबलामागे एक तरुण समन्वयक बसला होता. त्याने सगळं समजावलं. चाचणी चालू असेपर्यंत गर्भ राहून चालणार नाही, हेही सांगितलं. मग जरा घुटमळला. "देखिए, शादी की उम्र है. एक बार घर के किसी जेंट्स से पूछ लेते तो... पिताजी आए हैं?"

माझं तोंड उघडलं होतं. पण आत्या माझ्या आधी बोलली. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या बाईचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"पिताजी नहीं हैं. और होते तो भी उनसे नहीं पूछना था. यह बीमारी मेरे घर से आई है, मुझे भी है, मेरे भाई को थी, इस भतीजी को है. गुर्दे इसके हैं, दस्तख़त यही करेगी. आप कलम दीजिए."

बाकावर बसलेले लोक वळून बघायला लागले. आत्याने आवाज कमी केला नाही. "और मेरी जाँच कहाँ होगी, वह भी बताइए."

समन्वयक ओशाळला. डॉक्टरीणबाई आतून आल्या, त्यांनी त्याला बाजूला घेऊन काही सुनावलं आणि स्वतः मृणालसमोर बसल्या. "तुमचे काही प्रश्न आहेत?" त्यांनी विचारलं. मृणालने बरेच विचारले. मग सही केली, मराठीत. इतकी वाकडीतिकडी देवनागरी मी माझ्या कोणत्याही विद्यार्थिनीची पाहिली नव्हती.

अमरावतीला आल्यावर शेजारीपाजारी विचारतात, "मिळालं का औषध?" नाही म्हटलं की चुकचुकतात, खेप फुकट गेली म्हणतात. भाऊ आता उंदराचं नाव काढत नाही. मला मूत्रपिंड देता येईल का, याच्या तपासण्यांना तो स्वतःहून गेला. मी शिकवण्या सुरू केल्या आहेत. माझ्या आजाराचं नाव गाडीत बसणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे, कारण मधेच गाडी थांबवून मला जावं लागतं, आणि का ते मी सांगते.

परवा आत्याचा फोन आला. मृणालसाठी एक स्थळ आलं होतं. "पहिल्याच वाक्यात सांगितलं मी त्यांना, आजाराचं नाव घेऊन," आत्या म्हणाली.

"मग?"

"मग काय, फोन ठेवला त्यांनी." पलीकडून मृणालचं हसणं ऐकू येत होतं. "ठेवू देत," आत्या म्हणाली. "मी लगेच पुढच्यांना लावला."